शाळेचा ठराव कोण लिहितो?

दोस्तहो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बारावीत नापास झालो आणि सूतगिरणीत लागलो. रिंगफ्रेमवर उभा राहून तुटलेले धागे सांधतो. माझ्या कविता या पानांतून तुम्ही वाचल्यात. या वेळी कविता नाही. या वेळी एका वहीबद्दल लिहायचं आहे, आणि त्या वहीचा अर्थ लावायला मला पार १८५६ सालापर्यंत मागं जावं लागलं.

वही आमच्या वस्तीजवळच्या प्राथमिक शाळेची. शाळेचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, हा त्या एका गावाचा प्रश्न. गेल्या पावसाळ्यात थोरल्या भावाची दिवसपाळी होती, म्हणून त्याच्या पोराच्या शाळेतल्या पालकसभेला मी गेलो. शाळा व्यवस्थापन समिती नव्यानं निवडायची होती. मी हेडगुरुजींना म्हणालो, "जुन्या सभांचं इतिवृत्त जरा बघू द्या." त्यांनी कपाळाला आठी घातली, पण कपाट उघडलं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका वहीत मला एक ठराव सापडला. खिचडी शिजवणाऱ्या बाईंना 'पालकांच्या तक्रारीवरून' कामावरून कमी करण्यात यावे. सर्वानुमते मंजूर.

ती बाई माझी आत्या. महिना हजार रुपये मानधनावर ती चूल फुंकत होती. आणि ठरावाखालच्या सह्यांत चौथी सही माझ्या आईची.

तक्रार काय होती ते ठरावात लिहिलेलं नाही. ती लिहिता येण्यासारखी नव्हतीच. लिहिली असती तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागला असता. पण गावाला ठाऊक, आत्याला ठाऊक, आणि त्या वेळी सहावीत असलेल्या मलाही ठाऊक होतं की काही घरची पोरं डबा घेऊन का येतात.

त्या रात्री पाळीवर माझं लक्ष लागेना. डोक्यात एकच घोळत होतं. आपण मोर्च्यात 'शिका' म्हणतो, भिंतीवर रंगवतो. पण शाळेत कोण बसणार, कोण शिकवणार, कोण शिजवणार, शाळा कुठं भरणार, चालू राहणार की बंद होणार, हे ठरवणारी एक जागा असते. तिथं चार माणसं बसतात, एकजण लिहितो आणि बाकीचे सह्या करतात. या जागेचा इतिहास आपण वाचला आहे का? मी वाचला नव्हता. मग वाचायला लागलो. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून जे समजलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

१८५६ चा जून महिना. धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होतं. एका महार मुलाला तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारला. पोरगं गप्प घरी बसलं नाही. त्यानं थेट मुंबई सरकारकडं अर्ज केला. विचार करा, बाबासाहेबांच्या जन्माआधी पस्तीस वर्षं आपल्यातलं एक पोर सरकारला विचारतंय की शाळा तुमची, पैसा रयतेचा, मग मी बाहेर का?

२१ जुलै १८५६ ला सरकारनं उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा: न्याय पाहिला तर तो या मुलाच्या बाजूचा आहे. पण याला घेतलं तर बाकीच्या जातींची मुलं शाळा सोडतील आणि बहुसंख्यांना शाळेचा उपयोग राहणार नाही. म्हणून एका मुलासाठी सरकार यात हात घालणार नाही.

हे उत्तर मी तीनदा वाचलं. सरकार न्याय नाकारत नाही, उलट न्याय तुझाच आहे असं लिहून देतं. फक्त 'लोकांची' अडचण सांगतं. आता हे लोक म्हणजे कोण? ज्यांच्या निघून जाण्यानं शाळा ओस पडते, ते लोक. आणि ज्याच्या न येण्यानं कुणाचंच काही बिघडत नाही, तो नुसता अर्जदार. शाळेच्या कारभारात 'लोकमत' हा शब्द आपल्याविरुद्ध असा पहिल्यापासून वापरला गेला आहे.

पुढं कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला मुंबईचा हा निर्णय पटला नाही. विलायतेतून कंपनीच्या संचालकांनीही १८५८ साली कळवलं की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. कागदावर दार उघडलं. पण कागद कचेरीत पोचणं आणि पोरगं वर्गात पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधी गाव असतं.

आता १८८२ साल. हंटर साहेबाच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला होता. १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीराव फुल्यांनी त्या आयोगापुढं लेखी निवेदन दिलं. जोतीराव नुसते शाळा काढणारे नव्हते. १८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सभेत ठराव कसा येतो, कोण मांडतो, कोण मान डोलावतो, हे त्यांनी खुर्चीत बसून पाहिलं होतं. म्हणून त्यांचं म्हणणं फार मोलाचं आहे.

त्यांनी सांगितलं की महार-मांगांच्या पोरांना शिवाशिवीमुळं इतरांच्या शेजारी बसता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत, पण त्या फक्त मोठ्या शहरांत. सबंध पुण्यात या लोकांची वस्ती पाच हजारांवर, आणि त्यांच्यासाठी शाळा एक. त्या शाळेत हजर पोरं तीसच्या आत. पाच हजारांत तीस. हा जोतीरावांनी दिलेला आकडा आहे.

त्यांनी मागण्याही केल्या. शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. शेतसाऱ्यासोबत जो लोकल फंड वसूल करता, त्यातला निम्मा तरी प्राथमिक शिक्षणाला द्या. मास्तर असा नेमा की ज्याला नांगराचा रुमणा हातात धरायची लाज वाटणार नाही. आणि मग ते वाक्य येतं जिथं मी थांबलो. त्यांचं म्हणणं असं: मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण शाळांचा कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये. देखरेख शिक्षणखात्याचीच राहावी.

म्हणजे पैसा नगरपालिकेनं द्यायचा आणि मुखत्यारी मात्र तिची नाही. आज एखादा पुढारी म्हणेल, जोतीराव लोकशाहीविरोधी होते की काय? नव्हते. नगरपालिकेत कोण बसतं हे त्यांना दिसत होतं, एवढंच. त्या काळी मतदार म्हणजे घरपट्टी भरणारा, मिळकतवाला. झोपडीवाल्याला मत नाही, बाईला मत नाही. अशा सभेच्या हातात शाळा गेली तर ती कुणाची होईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

१८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. रिपनसाहेबाच्या स्थानिक स्वराज्याचं शाळेतल्या पुस्तकात मोठं कौतुक असतं. त्याच पानावर मतदार कोण होता हे मात्र लिहिलेलं नसतं. पुढं विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं १९१८ चा कायदा आला. त्यानं नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्तीचं शिक्षण सुरू करायची मुभा दिली. मुभा दिली, सक्ती केली नाही. करायचं असेल तर करा.

मग १९२३. हे साल ध्यानात ठेवा. या एका वर्षात दोन गोष्टी झाल्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध तोंड करून उभ्या आहेत.

पहिली गोष्ट, मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा. या कायद्यानं प्राथमिक शाळा सरकारी खात्याकडून जिल्हा लोकल बोर्डांकडं आणि मोठ्या नगरपालिकांकडं जायच्या ठरल्या. त्यांनी आपापलं स्कूल बोर्ड करायचं आणि त्या बोर्डानं शाळा चालवायच्या. शाळा कुठल्या गावात काढायची, मास्तर कोण नेमायचा, बदली कुणाची करायची, सगळं बोर्डाकडं.

दुसरी गोष्ट, ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानं बांधलेली आणि चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली. नुसती विहीर नव्हे, सार्वजनिक शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने हेही त्या ठरावात होतं. आपल्याला चवदार तळ्यामुळं बोले ठरावातलं पाणी आठवतं. त्यातली शाळा आपण विसरतो.

एका हातानं सरकार म्हणतं, शाळा सगळ्यांना खुली. दुसऱ्या हातानं शाळेची किल्ली देतं लोकल बोर्डाला. आणि लोकल बोर्डात बसतं गाव. आता गावातल्या मास्तराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याची नेमणूक, बढती, बदली ज्यांच्या हातात, त्यांचीच पोरं पुढच्या रांगेत. आपलं पोर दारात येतं. वरून परिपत्रक आहे की याला आत घे. पण परिपत्रक मुंबईत आहे आणि बोर्डाचा सभासद समोरच्या वाड्यात. मास्तर काय करील? पोराला व्हरांड्यात बसवील. पटावर नाव आहे, पोर बाहेर आहे. परिपत्रकही खूश, वाडाही खूश. त्यात कित्येक गावांत शाळा भरायची देवळात. तिथं व्हरांड्याचीही पंचाईत.

महाडचंच बघा. बोले ठरावाला धरून महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव वहीत राहिला, तळ्यावर कुणी गेलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले, ओंजळभर पाणी प्याले. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेनं आपला ठराव परत घेतला. ठराव करणारे तेच, मोडणारे तेच. लोकांनी पाणी पिऊन ठराव खरा केला तेव्हाच तो मोडावासा वाटला. बोले गप्प बसले नव्हते. १९२६ मध्ये त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला की ज्या नगरपालिका आणि बोर्डं पहिला ठराव पाळत नाहीत, त्यांची सरकारी मदत बंद करा. कुठं दाबलं की कळ लागते ते त्यांना कळलं होतं.

१९२७ साली बाबासाहेब कौन्सिलात आले. १२ मार्च १९२७ ला अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शिक्षणाचे आकडे काढले. मला हिशेब आवडतो, कारण गिरणीत आमचं सगळं हिशेबावर. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूतून माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करतं. या चालीनं शाळेच्या वयाची सगळी मुलं शाळेत यायला चाळीस वर्षं लागतील आणि मुली यायला तीनशे वर्षं. मग त्यांनी सरकारी अहवालातली वर्गवारी वाचली. प्राथमिक शाळेत दर हजार लोकवस्तीमागं पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मधल्या जाती ३८, मागासवर्ग १८. कॉलेजात दर दोन लाखांमागं पुढारलेले हिंदू १०००, मुसलमान ५२, मधल्या जाती १४ आणि मागासवर्ग जवळजवळ शून्य.

पुढच्या वर्षी, २९ मे १९२८ ला, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल निवेदन दिलं. धारवाडच्या पोराचं प्रकरण त्यात आहे, हंटर आयोग आहे. आणि शेवटी जो निष्कर्ष काढला त्यातला पहिलाच मुद्दा काय? १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा रद्द करा आणि शाळा स्कूल बोर्डांच्या हाती देणं थांबवा. नाहीतर आमचं शिक्षण मागं पडेल. दुसरा मुद्दा, शिक्षण सक्तीचं करा आणि शाळेतला प्रवेश कडकपणे अंमलात आणा.

१८८२ ला जोतीराव आणि १९२८ ला बाबासाहेब. मधी सेहेचाळीस वर्षं. दोघांचं बोट त्याच जागेवर.

इथं आपल्यातला कुणी विचारील, मग बाबासाहेबांना लोकांच्या हाती सत्ता नको होती का? उलट. त्याच सायमन कमिशनपुढं त्यांनी प्रत्येक वयात आलेल्या माणसाला मत मागितलं आणि आपल्यासाठी राखीव जागा मागितल्या. पुढारी म्हणवणारे त्या वेळी मिळकतीच्या अटीवर चर्चा करत होते. बाबासाहेबांचं म्हणणं एवढंच की 'लोक' म्हणजे कोण ते आधी ठरवा, आम्ही त्यात आहोत का ते सांगा, मग सत्ता वाटा. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याचं कौतुक करणाऱ्यांना जे सुनावलं, त्याच्या मागं हा अनुभव आहे. गावाचा कारभार त्यांनी साताऱ्याच्या शाळेत तरटावर बसून पाहिला होता. तहान लागली की शिपाई येऊन वरून पाणी ओतायचा, शिपाई नसला की पाणी नाही. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांच्या साताऱ्याच्या शाळाप्रवेशाचा दिवस. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. फलक लागतात. तरटाचं कुणी बोलत नाही.

आता आमच्या कोल्हापूरकडं या. मी इथला, म्हणून सांगतो असं नाही. आमच्याकडं वेगळा रस्ता चालून बघितला गेला. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. आणि १९१९ साली हुकूम काढला की अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, सगळी पोरं एकाच सरकारी शाळेत. हातात मुखत्यारी होती आणि ती त्यांनी आपल्या बाजूनं वापरली. मार्च १९२० मध्ये माणगावला परिषद झाली. तिथं महाराज आले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. ते पुढारी म्हणजे त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब.

पण हेही खरं की राजा एक असतो. ६ मे १९२२ ला महाराज गेले. ज्याचं सगळं वरच्या हुकमावर अवलंबून, त्याचं नशीब वरच्या माणसाच्या आयुष्यावर अवलंबून. म्हणून नुसता हुकूमही पुरत नाही.

आणि हुकूम आपल्या बाजूनं असताना गाव काय करू शकतं हे गुजरातेत कविठा गावी दिसलं. १९३५ साल. अस्पृश्यांनी पोरं गावच्या सार्वजनिक शाळेत घालायचं ठरवलं. सरकारचा नियम त्यांच्या बाजूनं होता. गावानं बहिष्कार टाकला. काम बंद, चराई बंद, विहिरीत रॉकेल ओतलं. गांधीजींनी सल्ला दिला की गाव सोडा. १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' लिहिताना बाबासाहेबांनी कविठ्याचा दाखला दिला. भांडण एका बाकड्यावर बसण्यासाठी होतं आणि किंमत सगळ्या संसाराची.

स्वातंत्र्य आलं. १९४७ चा नवा प्राथमिक शिक्षण कायदा झाला, स्कूल बोर्डं राहिली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातल्या शाळा त्यांच्याकडं गेल्या. बोर्डाचा वाडा गेला, परिषदेची इमारत आली. पण आता सगळ्यांना मत होतं, आणि हा फरक लहान नाही. १९९२ च्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत आपल्या जागा राखून ठेवल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक. निम्म्या बायका. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा. समितीनं शाळेच्या कामावर देखरेख करायची, शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदान कुठं खर्च झालं ते तपासायचं.

म्हणजे १८५६ च्या पोराला जो 'लोक' म्हणून गणला नाही, १९२८ ला बाबासाहेबांनी ज्याच्यासाठी जागा मागितली, तो माणूस कायद्यानं आज खुर्चीवर आहे. माझी आई त्या खुर्चीवर होती. आणि तिनंच आपल्या नणंदेला कामावरून काढल्याच्या ठरावावर सही केली.

इतिहास वाचून मी इथं येऊन अडकलो. म्हणून आईला विचारलं. पाळीवरून सकाळी आलो, ती भाकरी थापत होती.

"आई, शाळंच्या कमिटीत हुतीस न्हवं तू?"

"व्हय, दोन वर्सं. का रं?"

"आत्याला खिचडीवनं काढल्याल्या ठरावावर तुझी सही हाय."

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी उलटली. मग म्हणाली, "वही घरी घिऊन आलं हुतं शिपाई. मावशी, हितं करा म्हणला. केली."

"वाचलं न्हाईस?"

"वाचाय येतंय की मला. चौथी शिकल्या मी. पर वाचा म्हणून कुणी म्हणलंच न्हाई."

आत्या शेजारीच राहते. तिला मी विचारलं नाही, तिनंच दुपारी हाक मारली. म्हणाली, "मला म्हाईत हाय कवाचं. तुझ्या आईनं केली नसती तर तिच्याबिगार बारा सह्या हुत्या की. तिला काय बोलू नगंस."

दोस्तहो, या दोन बायकांनी मला जे सांगितलं ते कुठल्या ग्रंथात नव्हतं. आईचं म्हणणं असं की खुर्ची मिळाली म्हणजे वही मिळाली असं नाही. आत्याचं म्हणणं असं की एकटीनं वही वाचूनही भागत नाही. तेरांत एक म्हणजे कोरम भरायला माणूस. कायद्यानं जागा दिली, ती जागा भरली, आणि सभा न होताच घरोघर फिरून ठराव मंजूर झाला. १८५६ ला ठराव आपल्याला न विचारता झाला. आता आपल्या सहीनं होतो. मला तर दुसरं जास्त भयंकर वाटतं, कारण त्यावर 'सर्वानुमते' लिहिता येतं.

आणि पुढं जे येतंय त्यासाठी हे समजून घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून पोरं जवळच्या शाळांत घालायचं ठरवलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायची गोष्ट निघाली. कमी पटाच्या शाळा कुठं असतात? वस्तीवर, तांड्यावर, पाड्यावर. ज्याच्याकडं गाडी आहे तो इंग्रजी शाळेत गेला, मागं राहिला तो आपला. त्याच्या शाळेला आता पट नाही म्हणतात. धारवाडचंच गणित पुन्हा: ज्याच्या जाण्यानं शाळा ओस पडते तो निघून गेला, आणि जो राहिला त्याची गणती होत नाही. आमच्या शाळेचा पट सतरा आहे. उद्या तिचा कागद निघाला तर तो पहिल्यांदा समितीपुढं सहीला येईल. शिपाई वही घेऊन दारात येईल. मावशी, हितं करा.

म्हणून त्या सभेत आम्ही काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही. वस्तीतल्या पाच पालकांनी आधीच्या रात्री विहाराच्या ओट्यावर बसून ठरवलं की नावं कुणाची द्यायची. वहिनीचं नाव दिलं, आणखी दोघींचं दिलं. तिघी निवडून आल्या. पहिल्याच सभेत वहिनी म्हणाली, "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा, मग सही." हेडगुरुजी म्हणाले, एवढा वेळ कुठं आहे. ती म्हणाली, "मला हाय. आज रजा टाकून आल्या मी." वाचायला सात मिनिटं लागली. एक ओळ चुकीची निघाली, ती खोडून दुरुस्त केली आणि शेजारी सगळ्यांनी सही केली. आता वही घरी येत नाही.

आत्याला काम परत मिळालेलं नाही. तिचे गुडघे गेलेत, आणि तिला नकोही आहे. पण आईनं एक सांगितलं ते आम्ही केलं. पुढच्या सभेत वहिनीनं अर्ज दिला की त्या जुन्या ठरावातली तक्रार काय होती, कुणाची होती, लेखी होती का, ते समितीपुढं ठेवावं. उत्तर अजून आलेलं नाही. अर्ज वहीत नोंदला गेला आहे, तारखेसकट. धारवाडच्या पोराचाही अर्जच होता. नोंदला गेला, म्हणून बाबासाहेबांच्या हातात आला.

तुमच्या वस्तीच्या शाळेत समितीवर आपलं कोण आहे, त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर उद्या जा. वही मागा. मोठ्यानं वाचा. एकटे जाऊ नका.

जय भीम.